छत्तीस हजार किलोमीटर आणि आठ मजले

लिफ्टवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्टुलावर बसून बटणं दाबणारा खाकी कपड्यातला माणूस येतो. मी तो नव्हे. मी लिफ्टच्या आत कमी आणि डोक्यावर जास्त उभा राहिलो. लिफ्टच्या टपावर उभं राहून, विहिरीसारख्या त्या काळोख्या पोकळीत वर-खाली करत दोऱ्या, रूळ, ब्रेक तपासायचे, हा माझा धंदा. घाटकोपर ते मुलुंड हा माझा पट्टा. ऐंशीच्या दशकात त्या बाजूला सात-आठ मजल्यांच्या इमारती कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला स्वस्तात स्वस्त लिफ्ट हवी होती. माझे बाबा गिरणीत होते, त्यांना माझं काम नक्की काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. आई मात्र मी घरी आलो की दारातच विचारायची, "काय रे, आज खयची दोरी तुटली?" मी म्हणायचो, "तुटली नाय गे आये, तुटायच्या आधीच काढली." तिला वाटायचं मी थापा मारतोय.

संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी "लिफ्टमधले गमतीदार अनुभव" मागितले होते. एक-दोन देतो. पुढचं मात्र गमतीचं नाही, आधीच सांगून ठेवतो. मग मला फोन करून "परब, अहो दिवाळीत असलं कशाला?" म्हणू नका.

लग्नात, बारशात, कुठेही मी काय काम करतो ते कळलं की एक प्रश्न हमखास येतो. लिफ्ट तुटून खाली निघाली आणि शेवटच्या क्षणी आपण उडी मारली, तर वाचतो का? अहो, नाही वाचत. तुम्हीही लिफ्टच्याच वेगानं खाली चाललेले असता. उडी मारून त्यातला तुमच्या पायांत असेल तेवढाच वेग कमी होणार, बाकीच्या वेगानं आपटायचंच. आणि बंद डब्यात शेवटचा क्षण कुठला हे कळणार कसं, ते मला कुणीतरी सांगा. तसंही लिफ्ट सहसा पडत नाही. ती एका दोरीवर नसते. चार-पाच तारेच्या दोऱ्या असतात, आम्ही त्यांना रोप म्हणतो, कुंडीतलं रोप नव्हे. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोठं चाक असतं, त्यावरून हे रोप जातात. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला तिला तोलून धरणारं लोखंडाचं वजन. विहिरीवरचा रहाटच म्हणा ना. शिवाय लिफ्टच्या पोटाखाली जबडे असतात. वेग वाढला की ते बाजूच्या रुळांना चावतात आणि लिफ्ट जागच्या जागी अडकते.

एक रोप म्हणजे शे-दीडशे बारीक तारांचा पीळ, आणि मधोमध तागाचं काळीज, तेल धरून ठेवायला. बाहेरून चकचकीत दिसणारा रोप आतून सडलेला असू शकतो. तो तपासायची आमची एक जुनी पद्धत आहे. कापसाचा बोळा रोपला धरायचा आणि लिफ्ट हळूहळू चालवायची. जिथे तार तुटलेली असेल तिथे कापूस अडकतो. पूर्ण रोप गेला की वर बघायचं, किती पांढरे झुबके दिसतात ते. जास्त झाले की रोप कंडम. एक कंडम झाला तर सगळे बदलायचे, कारण जुन्यात नवा एकच घातला तर तो ताणला जातो, ढिला पडतो आणि ओझं पुन्हा म्हाताऱ्यांवरच येतं. हे सोसायट्यांना पटवणं म्हणजे डोकेफोड! घाटकोपरला एका सेक्रेटरीनं मी रोप खराब आहेत म्हटल्यावर काय करावं? गॅरेजवाल्याला बोलावून चारही रोपना ग्रीस फासलं. वर मला म्हणतो, "बघा, कसे नवेकोरे झाले!" आता लिफ्ट चालते ती चाक आणि रोप यांच्यातल्या घर्षणावर. ग्रीस लावल्यावर चाक गरगर फिरतंय आणि लिफ्ट नवरीसारखी जागची हलत नाही. अख्खी सोसायटी जिन्यावर उभी राहून मला शिव्या घालत होती. ग्रीस पुसायला मला रॉकेलचा डबा आणि एक अख्खा रविवार लागला.

आता गद्रे सरांची गोष्ट.

मुलुंडला टेकडीच्या बाजूला आठ मजल्यांची एक इमारत माझ्याकडे होती. एकदा मी तिच्या मशीन रूममध्ये काम करत असताना लेंगा-बनियनमधले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. चष्मा नाकावर घसरलेला. न नाव, न गाव, सरळ विचारतात, "काय हो, हा रोप नुसता टांगून ठेवला, खाली काही न बांधता, आणि लांबवत लांबवत नेला, तर स्वतःच्या वजनानं किती लांबीला तुटेल?"

मला वाटलं, चक्रम आहे. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "पंधरा-सोळा किलोमीटरला. इथून टांगला असं धरा, तर कुर्ल्याला तुटेल."

"आणि जाड घेतला तर?"

"कुर्ल्यालाच. जाडीनं ताकद जितक्या पट वाढते, तितक्याच पट वजनही."

"झकास!" ते ओरडलेच. "चला, चहा घ्यायला चला."

हे गद्रे सर. अंधेरीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आठव्या मजल्यावर, अगदी गच्चीखाली राहायचे, का तर आकाश जवळ. घरात सर आणि मालतीकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. काकूंचा आवाज खणखणीत, पण दोन वाक्यं बोलल्या की दम घ्यायला थांबायच्या. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप आखडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना एक पायरीसुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुम्हालाही धरलं का यांनी? आता सुटका नाही हो तुमची."

नाहीच झाली. सरांना एक वेड होतं. जमिनीवरून थेट अंतराळात जाणारी लिफ्ट. त्यावर ते वाचनालयांत व्याख्यानं द्यायचे, लेख लिहायचे, परदेशातल्या लोकांशी पत्रव्यवहार करायचे. दर महिन्याला मी त्या इमारतीत गेलो की काम झाल्यावर तासभर त्यांच्याकडे बैठक ठरलेली. थोड्याच दिवसांत ते मला अरे-तुरे करायला लागले आणि मलाही ते बरं वाटलं.

माझा पहिला प्रश्न कुठल्याही लिफ्टवाल्याचा असतो तोच होता. "सर, वरचं मशीन रूम कशावर टेकलंय?"

"कशावरच नाही! गोफण बघितलीस ना?"

बघितली म्हणजे काय, मालवणला शेतात पाखरं हाकलायला मी फिरवलेली आहे. सर म्हणाले, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, ती गोफण फिरवणारा हात. विषुववृत्तावरून वर छत्तीसेक हजार किलोमीटरवर एक जागा अशी आहे, की तिथली वस्तू दिवसाला बरोबर एक फेरी मारते. म्हणजे आपल्याला ती डोक्यावर एकाच जागी ठाण मांडून बसल्यासारखी दिसते. तिथून एक दोरी खाली सोडायची, आणि तोल जाऊ नये म्हणून एक बाहेरच्या बाजूला. खालची दोरी वजनानं खाली ओढते, बाहेरची गोफणीतल्या दगडासारखी बाहेर ओढते. खालचं टोक जमिनीला लागलं की झाली लिफ्ट तयार.

"म्हणजे बाहेरचा दगड हे आपलं तोलाचं वजन," मी म्हटलं.

"अगदी! आणि मग रॉकेट नको. रॉकेट म्हणजे काय रे, एक पार्सल पोचवायला अख्खा ट्रक जाळायचा. लिफ्टला फक्त वीज लागेल. राजधानी एक्सप्रेससारखी पळवली तरी अकरा-बारा दिवस लागतील वर पोचायला. लागू देत की!"

"पण सर, रोप कुर्ल्याला तुटतोय."

इथे ते खुर्चीत पुढे सरकायचे. दोरी सगळीकडे सारखी जाड नसायचीच, ते म्हणायचे. खालच्या टोकाला फक्त लिफ्टचं वजन, म्हणून तिथे बारीक. जसं वर जाऊ तसं खालच्या सगळ्या दोरीचं वजन अंगावर, म्हणून जाड. जाड झाली म्हणून आणखी वजन, म्हणून आणखी जाड. चक्रवाढ व्याजासारखं. त्या छत्तीस हजारांच्या ठिकाणी सगळ्यात जास्त ताण, तिथे सगळ्यात जाड. पोलादाची केली तर? खाली दोऱ्याएवढी धरली तर वर एवढी जाड होते की सूर्यमालेत मावणार नाही. तेव्हा परदेशात एक नवा पिवळा धागा निघाला होता, बंदुकीची गोळी अडवणारे अंगरखे त्याचे करतात. त्याची केली, तर खाली दोरा आणि वर या आपल्या सोसायटीएवढी जाड. "बघ, सूर्यमालेवरून मुलुंडच्या सोसायटीवर आलो की नाही!" आणि प्रयोगशाळेत कार्बनचे केसासारखे स्फटिक बनतात म्हणे, बोटाच्या पेराएवढेही लांब नाहीत, पण ताकद अशी की त्यांची दोरी केली तर वरची जाडी खालच्याच्या शे-दोनशे पटच भरेल. ते हजारो किलोमीटर लांब कसे करायचे, एवढाच प्रश्न उरला होता. एवढाच!

मीही काही गप्प बसणारा नव्हतो. वीज पडली तर? वादळ? वाटेत फिरणारे उपग्रह आज ना उद्या दोरीवर येऊन आपटतील, त्याचं काय? सरांकडे प्रत्येकाचं उत्तर होतं, काहींचं बरं, काहींचं ओढूनताणून. एका प्रश्नाला मात्र ते चिडले.

"सर, हे सगळं तुम्ही काय गुणकानं काढलंय?"

हे समजावून सांगायला हवं. आमच्या कंपनीत बाराचा नियम. रोपवर जेवढं ओझं येणार, त्याच्या बारा पट ताकदीचा रोप. एकावर भागत असताना बारा. उधळपट्टी वाटेल, पण गंज, झीज, झटके, कारागिराची डुलकी, सगळं त्या बारात सामावतं.

"एक," सर म्हणाले. "फार तर दीड."

"एक? म्हणजे तुटायच्या काठावर? आणि माणसं बसवणार त्यात?"

"अरे, तुझा बारा घेतला तर तो साधा बारा राहत नाही! चक्रवाढीत जातो. त्या कार्बनच्या केसांचीसुद्धा दोरी मग पृथ्वीवर मावायची नाही. बाराचा हट्ट धरलास तर ही लिफ्ट कधीच होणार नाही, कळलं?" त्यांचा आवाज चढला होता. "आणि बारा म्हणजे काय माहितेय तुला? दोरीची ताकद नव्हे ती. तुम्हाला दोरीबद्दल काय काय माहीत नाही, त्याचं माप. सगळं माहीत असेल तर दीडसुद्धा पुष्कळ."

"सगळं कुणाला माहीत असतं, सर?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, ओरडू नका. आणि पहिल्या फेरीला मला बसवणार आहात ना? मग जरा परबांचं ऐका."

"पहिल्या फेरीला आपण दोघंही," सर म्हणाले आणि हसले. मीही हसलो. त्या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, आणि मला त्या घरी बसायला फार आवडायचं. स्वतःच्या घरी मला कुणी एवढे प्रश्न विचारत नसे.

त्या इमारतीच्या मशीन रूमचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता. मी ओरडून थकलो. बिल्डर म्हणायचा, सोसायटीनं करावं. सोसायटी म्हणायची, बिल्डरनं करावं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी कापसाचा बोळा धरला आणि रोपवर बघतो तर झुबकेच झुबके, जणू पिंजाऱ्याचं दुकान. त्याहून वाईट म्हणजे पिळाच्या खाचांमधून विटकरी भुकटी गळत होती. ती भुकटी म्हणजे आतल्या तारा एकमेकींना घासून गंजतायत. किती गंजल्या, ते बाहेरून कुणालाच कळत नाही. जबडे बघितले, तर बांधकामाच्या वेळचं प्लास्टर रुळांवर सुकलेलं आणि जबडे गंजून जाम झालेले. म्हणजे रोप गेला तर खाली झेलायलाही कुणी नाही.

मी लिफ्ट बंद केली आणि फ्यूज काढून पिशवीत टाकले. ही आमची रीत. फ्यूज जागेवर ठेवले तर वॉचमन दहा मिनिटांत लिफ्ट चालू करतो, हा माझा अनुभव. मीटिंगमध्ये सगळे माझ्यावर तुटून पडले. सेक्रेटरी कुलकर्णी, माणूस वाईट नव्हता, पण तोही म्हणाला, "अहो परब, कालपर्यंत चालत होती ना?" तेव्हा माझी बाजू घ्यायला एकच माणूस उभा राहिला. गद्रे सर. ज्यांच्या घरात जिना वर्ज्य, ते सर. म्हणाले, "परब बंद म्हणतो तर बंद. माणसाच्या जिवाशी खेळ नको."

नवे रोप मागवले. येतायत, येतायत, असं कंपनी म्हणत राहिली. बिल्डरशी भांडण चालूच. काकू घरात अडकल्या. मी गेलो की म्हणायच्या, "आली का रे तुझी दोरी?" त्या मला आता अरे म्हणायच्या. ओठ निळसर दिसायला लागले होते. रात्री आडवं पडता यायचं नाही, बसून झोपायच्या. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी त्यांचं नाव लावलेलं होतं, पण नंबर लांब होता. आणि मग एका सकाळी सरांचा ऑफिसात फोन आला. कुणाचं तरी ऑपरेशन पुढे गेलं होतं. जागा झाली होती. उद्या दुपारपर्यंत दाखल व्हा, नाहीतर नंबर पुढच्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे पोचलो तेव्हा खाली अँब्युलन्स उभी होती. वर सर मला थेट मशीन रूममध्ये घेऊन गेले. दाढी वाढलेली, डोळे लाल. खिशातून खडू काढला आणि भिंतीवरच गणित मांडायला लागले. चार रोप. लिफ्टचं वजन. एकटी मालती, तिचं वजन ते काय. निम्म्या तारा गेल्या असं धरू. बरं, निम्म्याहून जास्त गेल्या असं धरू.

"तरी चार उरतात, परब. चारचा गुणक. निदान चार." त्यांनी खडू खाली ठेवला. "एकदाच. फक्त एकदाच खाली."

लिफ्टवाल्याला या क्षणी काय करायचं ते शिकवलेलं असतं. नाही म्हणायचं. मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "सर, फ्यूज मी बसवणार नाही. झटका नको. पण ब्रेक सोडून चाक हातानं फिरवून लिफ्ट उतरवता येते. इंच-इंच करत. अर्धा तास लागेल. मी चाकावर, कुलकर्णी मदतीला. तुम्ही काकूंबरोबर आत. तुम्ही हो म्हणा, आत्ता सुरू करतो."

सर रोपकडे बघत राहिले. मग विचारलं, "आतलं कसं असेल?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज?"

"आतल्याचा अंदाज नसतो. बाहेरून वाईट आहे, एवढंच सांगू शकतो."

त्यांनी बोट लावलं. बोटाला विटकरी भुकटी लागली. ती त्यांनी लेंग्याला पुसली, आणि पुन्हा भिंतीवरचं गणित वाचलं, वरपासून खालपर्यंत. मी वाट बघत होतो. खरं सांगू? ते हो म्हणतील अशी मला खात्री होती. ज्या माणसानं दीडच्या भरवशावर माणसं अंतराळात धाडायची ठरवली होती, त्याच्या हातात आज चार होता.

"खुर्ची आणू," सर म्हणाले.

खाली घरात आलो. काकू पलंगावर बसूनच होत्या, नऊवारी हिरवं लुगडं नेसून तयार. त्यांना गच्चीवरचं सगळं ऐकू आलं असावं, नाहीतर त्यांनी सरांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल. म्हणाल्या, "लिफ्टनंच जाऊ या ना. मला नाही भीती वाटत."

"नको मालती. दोरीचा भरवसा नाही."

"अहो," त्या हसल्या, थांबल्या, दम घेतला, "छत्तीस हजार किलोमीटर चढायला निघाला होतात. आणि आठ मजल्यांना घाबरलात?"

सरांनी वाकून काकूंच्या पायांत चपला सरकवल्या. 

वेताची खुर्ची, दोन बाजूंना बांबू बांधलेले. मी, कुलकर्णी आणि पाचव्या मजल्यावरचे दोन भाऊ. सर पुढे, उलटं चालत, काकूंचे गुडघे धरून. त्या बिल्डरनं जिना असा चिंचोळा केला होता की प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागे. तिरकी केली की काकू मागे कलत, आणि मागे कलल्या की त्यांना श्वास घेता येईना. सरळ केली की पुढे घसरायची भीती. दर मजल्याला थांबलो. पाचव्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि प्यायलं नाही. चौथ्यावर छातीतून घरघर ऐकू यायला लागली. कुलकर्णी म्हणाला, "घाई करू या." सर म्हणाले, "घाई नको." तिसऱ्याच्या वळणावर काकू म्हणाल्या, "जरा थांबा रे." आम्ही खुर्ची टेकवली. त्यांनी सरांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ओठांवर गुलाबी फेस आला. सर त्यांचं नाव घेत राहिले, आधी हळू, मग मोठ्यानं. अँब्युलन्सचा माणूस पळत वर आला तेव्हा काही उरलं नव्हतं.

त्या जिन्यात मी हुंदके देऊन रडलो, माझ्या आईच्या वेळेलाही पुढे तसा रडलो नाही.

नवे रोप पुढच्याच महिन्यात आले. मी स्वतः बसवले, जबडे मोकळे केले, रूळ घासले. लिफ्ट चालू झाली. पहिल्या दिवशी पोरं विनाकारण वर-खाली करत होती. मी कुणालाच ओरडलो नाही.

कंडम केलेल्या रोपचे तुकडे कंपनी कधी कधी घाटकोपरच्या एका तपासणी कारखान्यात पाठवायची. तिथे मशीनच्या दोन जबड्यांत तुकडा आवळतात आणि तुटेपर्यंत ओढतात, म्हणजे कळतं की आपण वेळेवर बदलला की उशिरा. सरांना हे कुठून कळलं देव जाणे. ते माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "मला बघायचंय."

"कशाला सर? सोडा ना."

"परब, मला बघायचंय."

मी नेलं. दुपारची वेळ होती, वारा देवनारच्या कचरा डेपोकडून होता आणि कारखान्यात वास भरला होता. आम्ही चारही रोपमधला सगळ्यात वाईट दिसणारा तुकडा निवडला. सरांनीच निवडला. मशीन सुरू झालं. मोठ्या घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर काटा. काटा हलला. त्या दिवशी त्या एका रोपच्या वाट्याला जेवढं ओझं येणार होतं, तो आकडा गेला. सर ओठांतल्या ओठांत मोजत होते, "एक." काटा चढत गेला. "दोन." रोपमधून करकर आवाज आला, एखाद-दुसरी तार तटकन तुटली. मी मनात म्हणत होतो, तूट. आता तूट रे बाबा. एवढा गंजलास, तूट की आता. आयुष्यात पहिल्यांदा मी रोप तुटावा म्हणून देवाला हात जोडले असतील. "तीन," सर म्हणाले. "चार." चारनंतर त्यांनी मोजायचं थांबवलं. काटा चढतच होता.

तुटला तेव्हा बंदुकीसारखा बार झाला. मशीनवाल्यानं आकडा ओरडून सांगितला. सरांनी तो मनातल्या मनात भागला असणार, मीही भागला. सहाच्या वर होता.

सर बाकावर बसले. मला वाटलं, रडतील, मला शिव्या देतील. मला चालल्या असत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"माझं गणित बरोबर होतं, परब."

मी काय सांगणार होतो? मशीन चुकलं असेल म्हणू? हा तुकडा बरा निघाला, बाकीचे तुटले असते म्हणू? हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्या माणसानं मला कधी खोटा आकडा सांगितला नाही, त्याच्या तोंडावर मला ते बोलवेना.

"हो सर," मी म्हटलं. "बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली, उठले, आणि रस्त्यावर आल्यावर मी बस थांबवली तरी तिच्यात न चढता चालत राहिले. त्यांनी पुन्हा कधी व्याख्यान दिलं नाही. धंद्यात पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की तुमची लिफ्ट पडेल, आणि लोक माझा राग राग करत आले. तुमची लिफ्ट पडली नसती, हे मात्र मला एकाच माणसाला सांगावं लागलं.